काम सोपवताना निर्णयाची हद्द आधी ठरवा : सांगलीच्या हळद धंद्यातला अनुभव

धंद्याच्या सुरुवातीला मालकाने सगळी कामं स्वतः करावीत, या मताचा मी आहे. यार्डात सौद्याला उभं राहावं, पोती उतरवून घ्यावीत, दळणाच्या वेळी गिरणीत थांबावं, पाकिटं भरावीत, उधारी मागायला दुकानदाराच्या दारात जावं. जे काम आपण केलेलं नाही, त्यातलं बरं-वाईट आपल्याला कळत नाही आणि समोरचा सांगेल ते खरं मानावं लागतं. पण पुढची पाच-सात वर्षंही असंच चाललं तर धंदा मालकाला झेपेल तेवढाच राहतो. मालक तापाने पडला की माल निघत नाही.

माझं कुपवाड एमआयडीसीत हळद पूड आणि मिरची पुडीचं छोटं युनिट आहे. एकेक काम दुसऱ्याच्या हातात देत गेलो तसं माझं एक मत पक्कं झालं. माणसाला काम देताना त्यातले निर्णयही द्यावे लागतात, आणि ते कुठपर्यंत, हे आधी सांगावं लागतं. नाहीतर काम त्याच्याकडे जातं आणि डोकेदुखी आपल्याकडेच राहते.

आमच्या पॅकिंगचंच सांगतो. पाकिटाचं सील कच्चं बसायला लागलं की पॅकिंग सांभाळणाऱ्या मावशींचा फोन यायचा, "शेठ, पाकीट सुटतंय, काय करू?" आता ठरलंय ते असं. दर तासाला पाच पाकिटं उचलायची आणि दोन्ही तळव्यांत धरून जोरात दाबायची. एकाच्याही कडेतून पूड आली तर मशीन बंद. त्या तासाचा माल बाजूला ठेवायचा, सीलिंगचं तापमान थोडं वाढवायचं, पुन्हा पाच पाकिटं दाबून बघायची. तरी सुटलं तर थेट मेकॅनिकला फोन. त्याचा नंबर मशीनवरच चिकटवलाय. दोन हजारांपर्यंतची दुरुस्ती मावशी मला न विचारता करून घेतात आणि वहीत लिहून ठेवतात. यातला सर्वांत मोठा अधिकार मशीन थांबवण्याचा आहे. तो दिला नाही तर मालक बोलेल या धास्तीने काम तसंच रेटलं जातं आणि सुटलेली पाकिटं दुकानातून परत येतात.

अधिकार दिला म्हणून लगेच फोन थांबत नाहीत. सुरुवातीला मावशी तरीही विचारायच्या. मी उत्तर द्यायचं टाळून विचारायचो, "मी नसतो तर तुम्ही काय केलं असतं?" त्या सांगायच्या ते बहुतेक वेळा बरोबरच असायचं. इथे धीर धरावा लागतो. आपण एकदा पटकन उत्तर दिलं की पुढच्या वेळी विचारायची सवय परत लागते.

बाहेर द्यायच्या कामांत पहिला नंबर हिशेबाचा. जीएसटीची विवरणपत्रं दरमहा भरणाऱ्यांसाठी विक्रीच्या तपशिलाची, म्हणजे जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि कर भरण्याच्या गोषवाऱ्याची, म्हणजे जीएसटीआर-३बी ची २०. उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर विवरणपत्र तिमाही भरायची सोय आहे, पण कर मात्र महिन्याच्या महिन्याला भरावा लागतो. हे चांगल्या अकाउंटंटकडे द्या आणि बिलं त्याच्याकडे पाच तारखेपर्यंत पोचतील एवढं बघा. जीएसटी पोर्टलवरचा मोबाइल नंबर आणि ईमेल मात्र आपलाच ठेवा. पुढे कधी अकाउंटंट बदलायचा झाला तर ओटीपीसाठी कुणाच्या मागे फिरावं लागत नाही. बँकेचंही तसंच आहे. चालू खात्याच्या नेट बँकिंगमध्ये एकाने पेमेंट तयार करायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, अशी सोय बऱ्याच बँका देतात. आमच्याकडे मुलगी पेमेंट तयार करून ठेवते, मी रात्री यादी बघतो आणि मंजूर करतो. चेकबुकवर आगाऊ सह्या करून ठेवायची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. ती नकोच.

दळण बाहेर द्यायचं की स्वतःचा पल्वरायझर, म्हणजे दळायचं मशीन घ्यायचं, हा प्रश्न नवीन मुलं हमखास विचारतात. माझा सल्ला असा की मशीन वर्षातले किती महिने चालेल ते आधी मांडा. निम्मं वर्ष ते नुसतं उभं राहणार असेल, तर कर्जाचा हप्ता, वीज जोडणीचा स्थिर आकार आणि ऑपरेटरचा पगार धरून जॉब वर्कच, म्हणजे मजुरी देऊन दुसऱ्याकडून दळून घेणंच, स्वस्त पडतं. मी हळद अजूनही बाहेरूनच दळून घेतो. पण कांडीची, म्हणजे वाळलेल्या हळकुंडांची पोती उतरवली आणि निघालो, असं करून चालत नाही. काय हवं आणि काय नको ते कागदावर दिलेलं आहे. पूड कुठल्या मेशच्या, म्हणजे किती बारीक भोकांच्या चाळणीतून काढायची. दळणात घट किती धरायची. लोखंडाचे कण पकडणारा चुंबक कधी साफ करायचा. मशीन फार तापू द्यायचं नाही, कारण उष्णतेने हळदीतलं तेल उडतं आणि पुडीचा वास जातो. मिरचीनंतर लगेच हळद लावायची नाही. आधी मशीन झाडून-पुसून घ्यायचं आणि पहिली निघालेली पूड वेगळी ठेवायची. पुडीतला ओलावा १० टक्क्यांच्या वर चालत नाही, कायद्याचं मानकच तसं आहे. म्हणून प्रत्येक बॅचचा नमुना सील करून माझ्याकडे येतो आणि अधूनमधून मी तो एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवतो, लेड क्रोमेट या भेसळीच्या विषारी पिवळ्या रंगाच्या तपासणीसकट. पाकिटावर नाव आपलं असतं, त्यामुळे गिऱ्हाईक जाब आपल्यालाच विचारतं. दळणाऱ्याचा एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेचा परवाना चालू आहे ना, हेही दरवर्षी स्वतः बघा.

कागदपत्रांत दोन गोष्टी सांभाळा. दळायला जाणारा माल चलनावरच, म्हणजे सोबतच्या नोंदीच्या कागदावरच पाठवा. जॉब वर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत आला नाही, किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं जीएसटी कायदा धरतो. दुसरी गोष्ट पैशांची. दळणाऱ्याची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल आणि तो सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असेल, तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज लागतंच, शिवाय तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय आयकरात धरता येत नाही. मी मुदतीची वाट बघत नाही. वेळेवर पैसे देणाऱ्याचं दळण गर्दीच्या दिवसांतही आधी लागतं.

खरेदी मात्र मी कुणाला दिलेली नाही. सांगलीच्या बाजारात हळद फक्त आपल्या जिल्ह्यातली येत नाही. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातूनही येते. ढिगातली कांडी उचलायची, मोडायची, आतला रंग बघायचा, मोडताना होणारा आवाज ऐकायचा, तुकडा नाकाशी धरायचा. कांडी टणकन तुटली तर माल वाळलेला, लवली तर ओला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि गिऱ्हाईक त्या नावावर विश्वास ठेवून पैसे मोजतं. तो विश्वास जिथे राखला जातो ती जागा सौद्याची आहे, आणि तिथे मी स्वतः असलो पाहिजे असं मला मनापासून वाटतं. हिशेब, पॅकिंग, दळण यांतून जो वेळ सुटला तो मी इथेच घालतो. तुमच्या धंद्यात ही जागा दुसरी असेल. बेदाणावाल्याची प्रतवारीची असेल, फर्निचरवाल्याची लाकूड निवडण्याची असेल. ती एक ओळखली की बाकीची कामं सोडताना जीव तुटत नाही.

आणि प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार ठेवा. मावशींच्या हाताखाली एक मुलगी आहे. आठवड्यातून एक दिवस मशीन तिच्या ताब्यात असतं आणि मावशी शेजारी उभ्या राहून फक्त बघतात. हे शिकवणं पावसाळ्यात उरकून घ्यावं. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की शिकवायला कुणालाच फुरसत नसते.