शब्दाचा अर्थ कसा पकडायचा अन् शंका कुठपर्यंत घ्यायची

आधी डिक्शनरी बाजूला ठेवा. आपल्या जळगावचा ‘भो’ घ्या, आहे भाऊच, पण ‘काय भो’ कधी रामराम असतो, कधी वैताग, कधी ‘हे काय करून ठेवलं’, म्हणून दिवसभर कोण कुणाला केव्हा म्हणतं अन् समोरचा त्यावर काय करतो ते बघत राहा, अर्थ तिथंच सापडतो. विटगेनस्टाइन या तत्त्वज्ञाचं म्हणणं हेच, बहुतेक वेळा शब्दाचा अर्थ म्हणजे त्याचा वापर.

आता शंका. केळीच्या वजनकाट्यावर घ्या, घ्यायलाच पाहिजे, दुसऱ्या काट्यावर मोजून बघता येतं. पण मला हात आहेत का, हे तपासणार कशानं? मूर या इंग्रज तत्त्वज्ञानं १९३९ च्या लेक्चरमध्ये दोन हात दाखवून बाहेरचं जग आहे असं सिद्ध केलं (मला तर हसूच आलं). विटगेनस्टाइनला ते पटलं नाही, त्याच्या मते ही गोष्ट ‘माहीत असण्यातली’ नाहीच, ही दाराची बिजागरी, ती जागेवर घट्ट म्हणून बाकीच्या शंकांचं दार हलतं. तर शंका आली की एवढंच विचारायचं, ही मिटेल कशानं? काहीच सुचलं नाही तर सोडा भो, भरीत गार होतंय.