खरूज घरातून जातच नाहीये? या चुका टाळा

पुतण्या हॉस्टेलवरून सुट्टीला आला तेव्हा त्याच्या बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ होतं, आम्हाला वाटलं उष्णतेचं असेल, आणि दीड महिन्यात घरातले सहाही जण रात्र रात्र खाजवत बसायला लागले.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ज्याला खाज त्यालाच औषध. आम्ही हेच केलं, एक बरा झाला की दुसऱ्याचं सुरू. खरुजेचा किडा अंगात शिरला तरी पहिल्या वेळी खाज सुटायला 2 ते 6 आठवडे जातात आणि तोवर तो माणूस काहीच त्रास नसताना दुसऱ्याला खरूज देत असतो. म्हणून खाज असो नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावायचं. सासूबाई म्हणाल्या मला कुठे काय झालंय, पण त्यांनाही लावलंच.

दुसरं, क्रीम फक्त पुरळावर चोपडू नका. डॉक्टर बहुतेक 5 टक्के परमेथ्रिन देतात, ते मानेपासून तळपायापर्यंत, काखा, बेंबी, जांघा, नखांखाली सगळीकडे लावून 8 ते 14 तास ठेवायचं, मधे हात धुतले तर हातांना परत लावायचं. साधारण आठवड्याने परत एकदा सगळ्या अंगाला तसंच लावायचं, याचा कंटाळा करू नका प्लीज. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मेडिकलमधून गजकर्णाची म्हणून मिळते ती स्टेरॉइडवाली ट्यूब तर अजिबात नको, खाज दबते, किडे तसेच राहतात, वर पुरळाचं रूप बदलतं आणि डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं.

कपडे, चादरी, टॉवेल त्याच दिवशी गरम पाण्यात धुवा. गोधडी धुता येत नसेल तर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा, अंगाबाहेर किडा 2-3 दिवसच जगतो. घरभर फवारणी करायची काही गरज नसते.

औषधानंतरही 2 ते 4 आठवडे खाज राहू शकते, म्हणून घाबरून रोज क्रीम लावू नका, त्याने कातडी अजून चिडते. नवीन पुरळ येत असेल तर मात्र परत दाखवा.

आणि लपवू नका हो. खरूज घाणीमुळे होत नाही, अंगाला अंग लागून होते. पुतण्या लाजत होता तरी आम्ही त्याला रूममेट्सना फोन करायला लावला, नाहीतर परत गेल्यावर त्याच खोलीतून परत घेऊन आला असता.