पायलट प्यायलेला वाटला तर कुणाला, कधी आणि काय सांगायचं

शंका आली तर ती विमानाचं दार लागण्याआधी बोलून टाका. जळगाव, ओझर, छत्रपती संभाजीनगर, सुरत, मुंबई, कुठूनही निघत असाल तरी हे पहिलं. दार लागून पंखे फिरू लागले की तीच गोष्ट सांगणं आणि तपासणं, दोन्ही अवघड होतं. ‘आपल्याला विमानातलं काय कळतं’ म्हणून माणूस गप्प बसतो. पण पायलटच्या दारूची गाजलेली प्रकरणं पाहिली तर पहिली शंका बऱ्याचदा बाहेरच्याच माणसाला आलेली दिसते.

१३ जानेवारी १९७७ला अलास्कातल्या अँकरेजहून जपान एअरलाइन्सचं मालवाहू डीसी-८ उडालं आणि लगेच कोसळलं. विमानातले पाचही जण गेले. कॅप्टनच्या रक्तात १०० मिलिलिटरला २९८ मिलिग्रॅम अल्कोहोल सापडलं. त्याला विमानतळावर सोडणाऱ्या टॅक्सीवाल्याला ते जाणवलं होतं, त्याने आपल्या ऑफिसला सांगितलं, ऑफिसने पुढे फोनही केला. पण उड्डाण थांबवू शकेल अशा माणसापर्यंत निरोप गेला नाही. सोबतचे दोघे प्यायलेले नव्हते, तरी त्यांनी कॅप्टनला अडवलं नाही. १९९०मध्ये अमेरिकेत नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या तीन वैमानिकांबद्दल बारमधल्या एका माणसाने खबर दिली, अधिकारी गेटपर्यंत पोचलेही, तरी विमान उडालं आणि अटक झाली ती उतरल्यावर. २०१८मध्ये लंडनच्या हीथ्रोवर मात्र क्रूच्या बसचालकाला एका जपानी सहवैमानिकाच्या तोंडाचा वास आला. त्याने वेळीच कळवलं आणि तो सहवैमानिक विमान उडायच्या आत पकडला गेला. त्याच्या रक्तात १८९ मिलिग्रॅम होतं, तिथली मर्यादा २०.

तुम्ही पायलटला पाहण्याआधी काय झालेलं असतं

भारतात वैमानिक आणि केबिन क्रू या दोघांचीही ड्यूटीतल्या पहिल्या उड्डाणाआधी श्वासचाचणी होते. बोलीभाषेत तिला ‘बीए (ब्रेथ ॲनालायझर) टेस्ट’ म्हणतात. जळगावला येणारी विमानं बहुतेक एटीआर जातीची, म्हणजे छोटी पंख्यांची, आणि दुसऱ्या शहरातून येऊन परत जाणारी. म्हणजे क्रूची चाचणी सकाळी गोव्याला, पुण्याला, हैदराबादला, जिथून त्यांची ड्यूटी सुरू झाली तिथे झालेली असते. जळगावच्या टर्मिनलमध्ये ती होताना दिसली नाही म्हणून चुकवली, असं समजू नका. परदेशाहून भारतात येणाऱ्या क्रूची चाचणी इथे उतरल्यावर घेतात.

चाचणी डॉक्टर किंवा प्रशिक्षित पॅरामेडिक घेतो, कॅमेऱ्यासमोर. यंत्र फ्युएल सेल सेन्सरचं असतं आणि आकडा दशांशानंतर तीन स्थळांपर्यंत दाखवतं. एका दमात, न थांबता, यंत्र आवाज देईपर्यंत फुंकायचं. अर्धवट फुंकलं तर यंत्र नमुना घेतच नाही, कारण फुप्फुसाच्या तळातली हवा यायला काही सेकंद लागतात आणि रक्तातल्या अल्कोहोलशी प्रमाण जुळतं ते त्या शेवटच्या हवेचं. आकडा ०.००० आला तरच पुढे. काहीही आलं तर किमान १५ मिनिटं थांबवून दुसरी चाचणी होते. मधल्या वेळात तोंड धुऊ देतात, चूळ भरू देतात. दुसऱ्या चाचणीआधी यंत्र स्वतः ठीक आहे का, हे कंट्रोल टेस्ट करून बघतात.

ही १५ मिनिटं महत्त्वाची. नुकताच माउथवॉश वापरला असेल, अगदी पिकून काळं पडलेलं केळं खाल्लं असेल किंवा द्राक्षासव, दशमूलारिष्ट असं काही घेतलं असेल, तर तोंडात राहिलेलं अल्कोहोल पहिला आकडा वर नेतं. चूळ भरून १५ मिनिटं गेली की ते उडून जातं. रक्तातलं मात्र एवढ्यात जात नाही. म्हणून दुसरा आकडाही आला तर सबब उरत नाही. अल्कोहोल असलेला माउथवॉश, टूथजेल किंवा औषध क्रूने वापरू नये, असं डीजीसीएने (देशातल्या विमान वाहतुकीचे नियम करणारी सरकारी संस्था) २०२३पासून नियमातच घातलं आहे. एकादशीच्या कडक उपासाने किंवा मधुमेहाने श्वासात जो ॲसिटोन येतो, त्याला फ्युएल सेलचं यंत्र फसत नाही. स्वस्तातली सेमीकंडक्टरची यंत्रं फसतात. म्हणून ऑनलाइन घेतलेल्या यंत्रावर घरी शून्य आलं, याला काही अर्थ नाही.

पहिल्यांदा नापास झाला तर लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. हुद्दा बघत नाहीत. नोव्हेंबर २०१८मध्ये एअर इंडियाचे तेव्हाचे ऑपरेशन्स संचालक लंडनच्या उड्डाणाआधी नापास झाले, हा त्यांचा दुसरा नियमभंग होता, आधी एकदा त्यांनी चाचणी चुकवली होती, आणि लायसन्स तीन वर्षं गेलं.

बारा तास पुरतात का

उड्डाणाआधी बारा तास दारू नाही, हा नियम आहे. अमेरिकेत आठ तास आणि रक्तात ०.०४ टक्क्यांच्या आत, असं चालतं. आपला नियम जास्त कडक आहे आणि तो तसाच राहावा. पण ‘बारा तास झाले म्हणजे सुटलो’ हा समज चुकीचा आहे. हिशेब करून बघा.

४२.८ टक्क्यांची व्हिस्की, ३० मिलीचा एक पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने १०० मिलीला साधारण २१ मिलिग्रॅम चढतं. यकृत तासाला १० ते २० मिलिग्रॅम उतरवतं, सरासरी १५. आता एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, सहा पेग धरा. रक्तात १२५च्या पुढे. सरासरी माणसाला ते उतरायला साडेआठ तास लागतात, पण ज्याचं यकृत तासाला १०च उतरवतं त्याला जवळजवळ तेरा. रात्री ११ला ग्लास खाली ठेवला आणि सकाळी ११ला यंत्रात फुंकलं, तर बारा तास पाळूनही यंत्रावर ०.००७ येऊ शकतं. रस्त्यावर वाहन चालवायला कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३०. तिथे हा माणूस सहज सुटला असता, कॉकपिटमध्ये नाही.

बिअर हलकी असते म्हणून लोक फसतात. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, सरळ चार पेग. सातपुड्याच्या पायथ्याला भट्टीवर गाळलेल्या मोहाच्या दारूचा तर हिशेबच करता येत नाही. प्रत्येक भट्टीचा कस वेगळा. कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, लिंबूपाणी, यातल्या कशानेही यकृताचा वेग वाढत नाही.

आकडा शून्य, तरी माणूस ठीक नसतो

कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यात द्रव असतो आणि त्या द्रवात एक मऊ पडदा. एरवी दोघांची घनता सारखी असते. दारू पडद्यात आधी शिरते, तो हलका होतो आणि आडवं पडलं की खोली फिरते. पुढे पडद्यातली दारू आधी निघते, द्रवात ती अजून असते आणि उलट्या बाजूने गरगरतं. हा दुसरा टप्पा रक्तातला आकडा शून्यावर आल्यानंतरही काही तास टिकतो. जमिनीवर डोळ्यांना क्षितिज दिसतं म्हणून माणूस निभावून नेतो. जुलैमध्ये ढगात शिरल्यावर बाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. अशा वेळी मान वळवून एखादं बटण बघितलं तरी विमान एका बाजूला कलल्यासारखं वाटू शकतं. म्हणून मशीन पास झालेल्या पण रात्री खूप प्यायलेल्या वैमानिकाने स्वतःहून ‘आज फिट नाही’ सांगावं, हीच अपेक्षा असते.

काय खरं लक्षण आणि काय नाही

एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात. पुढे कॉकपिटला लागून सामानाचा कप्पा असतो. त्यामुळे पायलट जवळून दिसतो तो टर्मिनलमध्ये किंवा तुम्ही एप्रनवरून (विमानं उभी असतात ती जागा) चालत जाताना, चमकदार जाकीट घालून विमानाभोवती फेरी मारत असतो तेव्हा. टायर, पंख्याची पाती, पंखाखालच्या झडपा तो बघत असतो. खाली वाकणं, थांबणं, परत मागे येणं, हे सगळं त्या तपासणीतच येतं.

लक्ष द्यायचं ते असं: जवळून दारूचा स्पष्ट वास, अडखळत किंवा जीभ जड झाल्यासारखं बोलणं, पायऱ्या चढताना तोल जाणं, साधं वाक्य दोनदा विचारावं लागणं. यातलं एक असेल तर परत नीट बघा. वासासोबत दुसरं काही असेल तर थांबू नका. आणि कुणी त्याला थोड्या वेळापूर्वी पिताना प्रत्यक्ष पाहिलं असेल, तर बाकी काही असो नसो, तेवढं पुरेसं आहे.

लाल डोळे हे लक्षण नव्हे. केबिनची हवा फार कोरडी असते आणि क्रू पहाटे तीनला उठलेला असतो. नुसता स्पिरिटसारखा वास सॅनिटायझरचाही असतो. मे महिन्यात दुपारी जळगाव-भुसावळच्या आकाशात विमान गचके खातं ते तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेमुळे. आणि पावसाळ्यात ओल्या धावपट्टीवर चाकं जोरात टेकवणं हे बरोबर तंत्र आहे. हळुवार टेकवलं तर चाक पाण्यावर घसरतं.

सांगायचं कसं

टर्मिनलमध्ये असाल तर बोर्डिंग गेटवरच्या कर्मचाऱ्याला म्हणा, ‘ड्यूटी मॅनेजरला बोलवा, क्रूबद्दल सुरक्षेची बाब आहे.’ तो यायला टाळाटाळ झाली तर शेजारच्या सुरक्षा जवानाला आणि एअरपोर्ट मॅनेजरच्या ऑफिसला सांगा. विमानात चढला असाल तर दारातल्या केबिन क्रूला बाजूला घ्या. क्रूला मराठी येईलच असं नाही, अहिराणी तर नाहीच. हिंदीतलं एक वाक्य पुरे: ‘मॅडम, पायलट के बारे में सेफ्टी की बात है, अकेले में बतानी है.’ घरची आजी-बाबा एकटे जात असतील तर हे वाक्य त्यांना लिहून द्या.

मग फक्त पाहिलेलं सांगा. ‘पायलट दारूडा आहे’ असं म्हणू नका. ‘सव्वादहाला, गेटजवळच्या पाण्याच्या मशीनपाशी, दोन फुटांवरून मला दारूचा वास आला, त्यांच्या खांद्यावर चार पट्ट्या होत्या.’ चार पट्ट्या म्हणजे कॅप्टन, तीन किंवा कमी असतील तर सहवैमानिक. हे सांगितलंत तर निरोप दुसऱ्या वैमानिकाकडे जाऊ शकतो. शेवटी विचारा, ‘यांची पुन्हा बीए टेस्ट होईल का?’ स्वतःचं नाव आणि सीट नंबर द्या. निनावी निरोप बाजूला ठेवायला सोपा असतो.

केबिनमध्ये उभं राहून ओरडू नका, कॉकपिटकडे जाऊ नका, दाराला हात लावू नका. गोंधळ घातला तर नियमाने तुम्हीच ‘अनरूली’, म्हणजे बेशिस्त प्रवासी, ठरता: तोंडी गोंधळाला तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, अंगावर गेलात तर सहा महिन्यांपर्यंत, विमान धोक्यात आणलंत तर दोन वर्षं किंवा जास्त. आणि मूळ तक्रार त्यात बुडते. व्हिडिओ काढून आधी ग्रुपवर टाकणं हाही चुकीचा मार्ग आहे. पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा आणि ओझरचा एचएएलचा आहे, तिथे एप्रनवर फोटो काढणं महागात पडेल.

समाधान झालं नाही तर उतरायची मुभा मागा. दार लागण्याआधी ती मिळते. चेक-इन केलेली बॅगही उतरवावी लागते, त्यामुळे अर्धा तास जाणारच.

विमान उडाल्यावर शंका आली तर केबिन क्रूला हळू आवाजात सांगा आणि बसा. आत दोघे असतात आणि दोघांपैकी कुणीही एकटा विमान उतरवू शकतो. उतरल्यावर त्याच दिवशी विमान कंपनीच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याला आणि मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर लिहा: फ्लाइट नंबर, तारीख, मार्ग, वेळ, जागा, काय पाहिलं, कुणाला सांगितलं, त्यांनी काय उत्तर दिलं. दिवस जितके जातील तितकी तक्रार कमजोर, कारण रक्तातलं दुसऱ्या दिवशी सापडत नाही.

क्रू बदलावा लागला तर जळगावसारख्या ठिकाणी राखीव वैमानिक नसतो. उशीर होईल किंवा विमान रद्द होईल. छोट्या मार्गावर दोन तासांपेक्षा उशीर झाला तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं. ऐनवेळी रद्द झालं तर परतावा किंवा दुसरं विमान, शिवाय भरपाई: एक तासापर्यंतच्या मार्गाला ५,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यात जे कमी असेल ते. एक ते दोन तासांच्या मार्गाला हीच कमाल ७,५०० रुपये. कंपनी ‘आमच्या हाताबाहेरचं कारण’ म्हणेल. क्रू नापास होणं हे हाताबाहेरचं कारण नाही, असं लेखी कळवा आणि रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवा.

हॉटेलात वेटर असाल, क्रूची गाडी चालवत असाल, तर तुमची बाजू प्रवाशापेक्षा भक्कम आहे, कारण तुम्ही प्यायलेलं पाहिलेलं असतं. बिलावरची वेळ आणि नग लक्षात ठेवा, आणि क्रूची गाडी गेटवर पोचण्याआधी विमानतळावर त्या कंपनीच्या स्टेशन मॅनेजरला फोन लावा. स्वतःच्या मालकाला सांगून थांबू नका. धुळे, शिरपूर, जळगावकडे मुलगा किंवा मुलगी फ्लाइंग शिकायला आली असेल तर बारा तासांचा नियम त्यांनाही तसाच लागू आहे. खोकल्याचं सिरप, होमिओपॅथीचं टिंक्चर किंवा आसव घेण्याआधी बाटलीवरचं अल्कोहोलचं प्रमाण वाचायला आणि शंका असेल तर संस्थेच्या डॉक्टरला विचारायला त्यांना पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवा.