'सर्व्हे ऑफ' डंपर उघडण्याचे काम शिकताना

वणी, घुग्गुस, चंद्रपूर या पट्ट्यातल्या खुल्या कोळसा खाणींत वर्षानुवर्षे धावलेला डंपर एक दिवस 'सर्व्हे ऑफ' होतो. त्याच्या दुरुस्तीवर आणखी खर्च करणे परवडणारे नाही, असा निर्णय कागदावर होतो आणि गाडी वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत उभी राहते. तिथून पुढचे तिचे आयुष्य हाच माझा व्यवसाय आहे. अशा गाड्या लिलावात घेणे, त्यांतले चांगले भाग सोडवून पुन्हा कामाला लावणे आणि एखादी गाडी धडधाकट निघाली तर ती दगडखाणीत चालण्याजोगी करणे, हे काम शिकू इच्छिणाऱ्या मुलांसाठी मी हे लिहीत आहे.

शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगतो. आयटीआयचा डिझेल मेकॅनिक किंवा फिटर हा ट्रेड पुरेसा आहे आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा असेल तर उत्तमच. मात्र शक्य असेल तर खाणीच्या किंवा डंपर वापरणाऱ्या ठेकेदाराच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिसशिप कराच. इंजिन, टॉर्क कन्व्हर्टर, गिअर बॉक्स, डिफरन्शियल आणि मागच्या चाकांतले फायनल ड्राइव्ह (चाक फिरवणारे शेवटचे गिअर) ही साखळी वर्गात तक्त्यावर दिसते. पण त्यांतला कोणता भाग आधी दमतो, हे चालू गाडीच्या ब्रेकडाऊनला रात्रपाळीत हजर राहिल्याशिवाय कळत नाही.

या धंद्यातली कमाई गाडी उघडताना ठरत नाही, ती पाहताना ठरते. लिलावातला माल 'जसा आहे, जिथे आहे' या अटीवर विकला जातो. नंतर तक्रारीला जागा नसते. म्हणून पाहणीच्या दिवशी घाई करू नये. प्रथम चासी पाहावी. सस्पेन्शन जिथे बसते आणि हॉइस्टचे, म्हणजे बॉडी उचलणारे, सिलिंडर जिथे टेकतात, तिथल्या वेल्डिंगवरचा चिखल खरवडून तारेच्या ब्रशने घासावे, कारण भेगा बहुधा तिथूनच सुरू होतात. त्या जागी नवा रंग दिसला, तर अधिक काळजीने पाहावे. मग डिपस्टिक काढून ऑइल दोन बोटांत चोळावे, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते बघावे आणि परवानगी मिळाली तर फायनल ड्राइव्हचा तेल काढण्याचा प्लग सैल करून खाली हात धरावा.

तो प्लग सैल न करण्याची किंमत मी मोजली आहे. सुरुवातीच्या काळात एका ३५ टनी डंपरचे इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झाले. त्या आवाजानेच मी इतका हरखून गेलो, की मागचा अ‍ॅक्सल पाहिलाच नाही आणि बोली वाढवत गेलो. गाडी यार्डात आणून प्लग काढला, तेव्हा आतून तेलाऐवजी ताकासारखे पांढुरके पाणी आले आणि त्याबरोबर गिअरच्या दात्यांचे तुकडे हातात पडले. सील गेल्यामुळे पावसाळ्याचे पाणी आत साचले होते. ज्या अ‍ॅक्सलच्या भरवशावर सगळा हिशेब मांडला होता, तो भंगाराच्या भावाने गेला.

इंजिनाची खरी प्रकृती मात्र यार्डात आणल्यावरच कळते. ऑइल फिल्टर काढून करवतीने कापावा, आतला कागद पिळून उन्हात उलगडावा आणि त्याच्या घड्या एकेक करून तिरप्या उजेडात पाहाव्यात. चुंबकाला चिकटणारा काळा चुरा असेल, तर तो लोखंडाचा. तांबूस चमक दिसली, तर बेअरिंगचा वरचा थर झिजून आतला तांब्याचा थर उघडा पडला आहे, असे समजावे. असे इंजिन चालू स्थितीत विकू नये. ते उघडून क्रँकशाफ्ट, हेड आणि टर्बो वेगवेगळे तपासावेत.

लिलावाचे कागद हा रुक्ष पण अटळ भाग आहे. सरकारी कोळसा कंपन्यांचा असा माल बहुतेक वेळा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावातून निघतो. बयाण्याची रक्कम, जीएसटी, टीसीएस (विक्रीच्या वेळीच विक्रेता वसूल करतो तो प्राप्तिकर), क्रेनचे आणि ट्रेलरचे भाडे हे सगळे बोली लावण्यापूर्वीच वहीत मांडावे. माल उचलण्याच्या मुदतीची तारीख तर ठळक लिहून ठेवावी, कारण मुदत उलटली की जागेचे भाडे सुरू होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. बंद पडलेल्या गाडीतही दाब जिवंत असतो. डंपरच्या सस्पेन्शन सिलिंडरमध्ये तेल आणि नायट्रोजन वायू भरलेला असतो, आणि अनेक मॉडेलांत स्टिअरिंगच्या दाब साठवणाऱ्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्येही तो असतो. गाडी पाच वर्षे उभी असली, तरी तो वायू आत टिकलेला असू शकतो. आधी तो मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या रीतीने, व्हॉल्व्हसमोर तोंड न ठेवता सावकाश सोडावा. मगच बोल्टला पाना लावावा. पुन्हा भरताना फक्त कोरडा नायट्रोजन वापरावा. ऑक्सिजनचा सिलिंडर शेजारी आहे म्हणून तो जोडणे म्हणजे तेलाशी स्फोट घडवणे आहे.

चाकांचेही तसेच आहे. मागच्या जोडचाकांचे नट सैल करण्यापूर्वी बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही टायरांची हवा व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण सोडावी; रिमला तडा गेला असेल, तर लॉक रिंग (टायर रिमवर अडकवून ठेवणारे कडे) बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. टायर चढवलेल्या रिमवर, हवा काढलेली असली तरी, गॅस कटर चालवू नये. उष्णतेने आतल्या रबरातून पेटणारे वायू निघतात आणि टायर फुटतो; कधी कधी ज्योत विझवल्यानंतरही. वर उचललेल्या बॉडीखाली तर सेफ्टी पिन किंवा दोर लावल्याशिवाय कोणीही जाऊ नये, उस्तादानेसुद्धा नाही. माझ्या यार्डात हा नियम मोडणाऱ्याला मी त्या दिवशी घरी पाठवतो आणि त्याबद्दल मला आजवर कधीही वाईट वाटलेले नाही.

सोडवलेल्या भागांत इंजिन, ट्रान्समिशन, हॉइस्ट सिलिंडर, हायड्रॉलिक पंप आणि रिम यांना मागणी असते. प्रत्येक भागावर मॉडेल, गाडीचा क्रमांक आणि चाललेले तास पंच करून ठेवावेत. ओळख हरवलेला चांगला पंपही किलोच्या भावाने जातो. निघालेले जुने ऑइल आणि बॅटऱ्या अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्याव्यात, नाल्यात एक थेंबही जाऊ देऊ नये. ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरची माती आणि दगड, वाहण्याच्या कामावर ठेकेदारांनी मोठे टिपर आणल्यापासून लहान डंपरच्या भागांचे गिऱ्हाईक कमी झाले आहे. त्यामुळे नव्या मुलांनी माल साठवून भाव वाढण्याची वाट पाहू नये, असे माझे मत आहे.

अख्खी गाडी पुन्हा चालवायची असेल, तर ती दगडखाणीच्या किंवा प्रकल्पाच्या आवारातच चालवावी. ३५ टनी डंपरची रुंदी आणि वजन सार्वजनिक रस्त्यासाठी नाहीच. तो बॉडी उतरवून लो-बेड ट्रेलरवरच न्यावा लागतो. अशा गाडीचा मला सर्वांत आवडणारा उपयोग म्हणजे धूळ बसवणारा पाण्याचा टँकर. बॉडी काढून त्या जागी टाकी बसवताना आत आडव्या-उभ्या पत्र्यांचे कप्पे करावेच लागतात. ते नसतील, तर अर्ध्या भरलेल्या टाकीतले पाणी उतारावर ब्रेक लावताच पुढे धावते आणि गाडी रेटत नेते. टाकी भरून पहिली फेरी सपाट जागेवर घ्यावी, ब्रेक आणि रिटार्डर (उतारावर वेग आवरणारी यंत्रणा) दोन्ही तपासावेत, चासीवरचे नवे वेल्डिंग पुन्हा पाहावे आणि मगच ऑपरेटरला उतारावर जाऊ द्यावे.