लक्ष उडतं कुठे, हे मला फार उशिरा कळलं

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, नोटिफिकेशन बंद करा, झोप पुरी करा. हे सगळं तुम्हाला माहीतच आहे आणि ते करायलाच हवं. मीही केलं होतं. तरी तीन-तीन तास बसून दोन पानं सरकायची नाहीत.

कारण माझं लक्ष अभ्यासच उडवत होता! संभाव्यतेचं गणित घ्यायचो, तिसऱ्या ओळीला अडायचो आणि वाटायचं, 'एकदा व्याख्या बघून घेऊ.' व्याख्येवरून उदाहरण, उदाहरणावरून व्हिडिओ. चाळीस मिनिटांनी वहीपाशी यायचो तेव्हा ती तिसरी ओळ कशी आली हेच आठवायचं नाही. वर समाधान असं की आज भरपूर वाचन झालं. नवख्यांनो, इथे सावध राहा. मन नेमकं अवघड जागी निसटतं आणि निसटताना कामाचंच कारण पुढे करतं, म्हणून ते पकडता येत नाही. काम अर्धवट टाकून दुसरं धरलं की पहिल्याचा विचार डोक्यात रेंगाळतो आणि दुसरंही धड होत नाही, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये प्रयोगांतून मांडलं. माझी दोन वर्षं त्यात गेली.

'मन लावून बस' असं सगळ्यांनी सांगितलं. ते लावायचं कसं, हे एकाही मार्गदर्शकाने सांगितलं नाही. याचा मला अजून राग येतो.

आता वहीशेजारी एक कोरा कागद असतो. मनात येईल ते दोन शब्दांत तिथे टिपायचं आणि पेन पुन्हा गणितावर. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत चौदा नोंदी झाल्या: 'व्याख्या', 'फी', 'ताईला फोन', पुन्हा 'व्याख्या'. मी हादरलो होतो. तुम्ही हादरू नका. मानसशास्त्रज्ञ किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांच्या 2010 च्या पाहणीत लोकांचं मन जवळपास 47 टक्के वेळा हातातल्या कामावर नव्हतं. भटकलेलं मन जितक्यांदा परत आणाल, तितका सराव झाला.

पोमोडोरो म्हणजे घड्याळ लावून 25 मिनिटं सलग काम आणि मग छोटी विश्रांती. ती 25 मिनिटं सुरुवातीला मला जड गेली. दहाच मिनिटं धरा, पण त्यात उठू नका. लक्ष वाढवून देणारी ॲप विकत घेऊ नका, कागद पुरतो.

आज सकाळी पाच नोंदी होत्या. त्यातली 'सूत्र बघ' ही गणित सुटल्यावर बघावीच लागली नाही.