मेमरी कार्ड शूटवर नेण्यापूर्वी

दोन तासांच्या एका मुलाखतीचे चित्रीकरण मी एकदा कायमचे घालवले, आणि तेही कॅमेऱ्यामुळे किंवा प्रकाशामुळे नव्हे, तर टपाल तिकिटाएवढ्या एका कार्डामुळे. मुलाखत देणारे गृहस्थ ऐंशीच्या पुढचे होते. पुन्हा तेवढा वेळ बसणे त्यांना झेपणारे नव्हते आणि तसे विचारण्याचे धाडस आम्हालाही झाले नाही. चित्रीकरण चालू असताना तांबडा दिवा लागलेला होता, पडद्यावरची मिनिटे पुढे सरकत होती, कार्डात जागाही शिल्लक दिसत होती. घरी आल्यावर कार्ड संगणकाला लावले तेव्हा 42 फाइली ओळीने दिसल्या, शेवटची सोडली तर प्रत्येकीचा आकार साधारण 4 जीबी. पहिल्या 14 उघडल्या, पंधरावी उघडेना, आणि तिच्यानंतरची एकही उघडली नाही. कार्ड नवे होते, त्यावर दोन मिनिटांचे रेकॉर्डिंग करून मी ते आदल्या रात्री 'तपासले' होते, आणि ती दोन मिनिटे अर्थातच उत्तम चालली होती. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या शूटपूर्वी मी जी तयारी करतो ती खाली लिहून काढली आहे. तिच्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी: नवे कार्ड काठोकाठ भरेपर्यंत रेकॉर्ड करावे आणि शेवटची फाइल शेवटपर्यंत चालवून पाहावी.

खरेदीपूर्वी कॅमेऱ्याची पुस्तिका उघडावी. कोणत्या स्लॉटमध्ये कोणते कार्ड बसते आणि कोणत्या रेकॉर्डिंग प्रकाराला कार्डाच्या वेगाचा कोणता वर्ग लागतो याचा तक्ता तिच्यात असतो. शिवाय बहुतेक कंपन्या स्वतः तपासलेल्या कार्डांची यादी देतात. त्या यादीतले कार्ड चार पैसे महाग पडले तरी तेच घ्यावे. हा तक्ता वाचताना आपण नेहमी वापरतो तो प्रकार न पाहता आपल्या कॅमेऱ्यातला सर्वांत जड प्रकार पाहावा, कारण शूटच्या दिवशी कोणीतरी हमखास स्लो मोशन मागते आणि तिथेच कार्ड दगा देते.

त्यानंतर गणित करावे. कॅमेरा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती लिहायची ते, मेगाबिटमध्ये सांगतो आणि कार्ड वेग मेगाबाइटमध्ये सांगते, म्हणून कॅमेऱ्याच्या आकड्याला 8 ने भागावे. सेकंदाला 100 मेगाबिट म्हणजे 12.5 मेगाबाइट, 400 म्हणजे 50, आणि 600 म्हणजे 75. आता कार्डावरचा 'व्ही' पाहावा: व्ही 30, व्ही 60 आणि व्ही 90 यांचा अर्थ सलग लिहिताना सेकंदाला किमान 30, 60 किंवा 90 मेगाबाइट, याहून कमी नाही. म्हणजे 400 मेगाबिटला व्ही 60 पुरते, पण 600 ला तेच अपुरे पडते आणि व्ही 90 घ्यावे लागते. यू 3 म्हणजे 30 आणि क्लास 10 म्हणजे 10. व्यावसायिक कामासाठी या दोन खुणांकडे पाहत बसण्याचे कारण नाही.

कार्डावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा मात्र बहुधा यांपैकी नसतो. '170', '200', '300' असे जे ठळकपणे लिहिलेले असते तो वाचनाचा वेग असतो, म्हणजे कार्डावरून संगणकावर उतरवून घेतानाचा, आणि तोही 'इतक्यापर्यंत' या अर्थाचा. कॅमेऱ्याला वाचायचे नसते, लिहायचे असते. त्यात आणखी एक मेख आहे. कार्डावर रोमन एक असेल तर ते यूएचएस-एक प्रकारचे (यूएचएस म्हणजे कार्डात माहिती ये-जा करण्याचा मार्ग), आणि त्या मार्गाची प्रमाणित कमाल मर्यादाच सेकंदाला 104 मेगाबाइट आहे. त्याहून मोठा आकडा छापलेला असेल तर तो त्या कंपनीच्या खास पद्धतीने, त्या पद्धतीला साथ देणाऱ्या कार्ड रीडरवरच मिळतो, कॅमेऱ्यात नाही. यूएचएस-दोन कार्डाच्या मागे संपर्कपट्ट्यांची दुसरी रांग असते. कार्ड उलटे करून ती रांग डोळ्यांनी पाहावी. छापील अक्षरांपेक्षा तो पुरावा जास्त भरवशाचा. तरीही व्हीचा आकडा पाहावाच, कारण दोन रांगा असलेली पण फक्त व्ही 60 ची कार्डेही मिळतात.

सीएफएक्सप्रेस, म्हणजे एसडीहून वेगळ्या प्रकारची वेगवान कार्डे, वापरणाऱ्यांना हा व्ही दिसणार नाही. तिथे क्लॅपबोर्डच्या छोट्या चित्रातला व्हीपीजी 200 किंवा 400 असा आकडा शोधावा, कारण तीच किमान सलग लेखनाची हमी. ही हमी नसलेले आणि सेकंदाला 1700 मेगाबाइटचा आकडा मिरवणारे कार्ड सलग चित्रीकरणात किती वेगापर्यंत उतरेल ते सांगता येत नाही. बऱ्याच कार्डांत सुरुवातीचा काही भाग वेगवान स्मृतीसारखा वापरला जातो; तो भरला, किंवा कार्ड तापले, की लेखनाचा वेग घसरतो. दोन मिनिटांच्या चाचणीत हे कधीच कळत नाही. सीएफएक्सप्रेसच्या टाइप ए आणि टाइप बी यांचे आकार वेगळे असल्यामुळे तिथे घोटाळा होत नाही, पण टाइप बी आणि एक्सक्यूडी हे जुन्या प्रकारचे कार्ड दिसायला सारखेच असतात. एक्सक्यूडीच्या काळातल्या कॅमेऱ्यात सीएफएक्सप्रेस घालणार असाल तर त्याचे फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातला अंगभूत प्रोग्राम, तशी परवानगी देते का हे आधी पाहावे.

किती जीबी घ्यावे याचेही गणित सोपे आहे. 400 मेगाबिटला 128 जीबीचे कार्ड सुमारे 42 मिनिटांत भरते, 100 मेगाबिटला ते पावणेतीन तासांहून जास्त पुरते. एकच अवाढव्य कार्ड घेण्यापेक्षा मध्यम आकाराची तीन-चार घ्यावीत, असे माझे मत आहे. सगळी अंडी एका टोपलीत ठेवणे मला परवडत नाही. मायक्रो एसडी अडॅप्टरमध्ये घालून वापरू नये. कारण विचारू नये.

खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी आणि बिल जपून ठेवावे. मी ते केले नव्हते. माझे कार्ड एका अनोळखी विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत आले होते, पाकीट सीलबंद होते, छपाई चोख होती. आता वरचेच गणित माझ्या मुलाखतीला लावून पाहा. मी 200 मेगाबिटवर, म्हणजे सेकंदाला 25 मेगाबाइटने रेकॉर्ड करत होतो, आणि उघडलेल्या 14 फाइली मिळून 40 मिनिटांच्या होत्या. 40 मिनिटे म्हणजे 2400 सेकंद, गुणिले 25, म्हणजे 60 जीबी. कार्डावर 256 छापलेले होते आणि आत 64 होते. अशा बनावट कार्डात नियंत्रक चिपच खोटे सांगते: कॅमेऱ्याने विचारले की 256 म्हणते, आणि खरी जागा संपल्यावर आलेली माहिती घेतल्यासारखे करून टाकून देते किंवा आधीच्या माहितीवरच लिहिते. फाइलींची नावे आणि आकार कार्डाच्या सुरुवातीच्या भागात नोंदले जातात, म्हणून यादी पूर्ण दिसते आणि पोटात काही नसते. हे कार्ड पहिल्या दिवशी काठोकाठ भरून पाहिले असते तर त्याच दिवशी उघडे पडले असते. मी भरून पाहिले नाही.

म्हणून कार्ड घरी आल्यावरचे पहिले काम हेच. कार्ड कॅमेऱ्यात घालावे, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे, सर्वांत जास्त बिटरेटचा प्रकार निवडावा आणि 'कार्ड भरले' असा संदेश येईपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवावे. बॅटरीवर विसंबू नये, विजेचा अडॅप्टर लावावा. लेन्सवर झाकण ठेवून ही चाचणी करू नये: बरेच कोडेक, म्हणजे चित्र आक्रसून साठवण्याच्या पद्धती, स्थिर चित्राला कमी माहिती खर्च करतात, त्यामुळे काळ्या पडद्यावर कार्डाला ताणच पडत नाही. वाऱ्याने हलणाऱ्या झाडाकडे, पाण्याकडे, वाहत्या रस्त्याकडे कॅमेरा लावून द्यावा. 256 जीबीचे कार्ड 400 मेगाबिटला भरायला 85 मिनिटे लागतात. लागू द्यावीत. मध्येच कार्डाचा वेग अपुरा असल्याचा इशारा येऊन रेकॉर्डिंग थांबले तर कार्ड त्याच दिवशी परत करावे. 'पुन्हा फॉरमॅट करून बघू, कदाचित चालेल' हा मोह आवरावा, कारण कदाचित चालणारे कार्ड हेच सर्वांत धोक्याचे.

आणि भरले म्हणून चाचणी संपली असे मुळीच नाही. माझे कार्डही त्या दिवशी कोणतीही तक्रार न करता भरत होते. फाइली संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि शेवटची फाइल उघडून, तिच्या शेवटच्या सेकंदापर्यंत, डोळ्यांनी पाहावी; मग मधल्या तीन-चार फाइली कुठूनही उघडून पाहाव्यात. पहिली फाइल पाहून समाधान मानू नये. पहिली फाइल बहुतेक वेळा चालतेच! संगणकावरून करायचे असेल तर एफ3 किंवा एच2टेस्टडब्ल्यू यांसारखे प्रोग्राम संपूर्ण कार्ड भरून परत वाचतात आणि खोटी क्षमता पकडतात. ते अवश्य वापरावेत, पण कॅमेऱ्यातली चाचणी त्यामुळे टळत नाही, कारण कॅमेऱ्याच्या बंद झाकणाआड कार्ड किती तापते आणि तापल्यावर कसे वागते हे संगणकाच्या रीडरला कळत नाही. ज्या कार्डाने ही चाचणी पार केली त्याच्या लेबलवर मी बारीक अक्षरांत क्रमांक आणि तारीख लिहितो. तारीख नसलेले कार्ड माझ्या पेटीत जात नाही, मग ते कोणीही दिलेले असो.

शूटच्या आदल्या दिवशी बॅटऱ्या चार्ज कराव्यात, हे सांगायला नको. कार्डांवरचे जुने फुटेज दोन ठिकाणी उतरले आहे याची खात्री झाल्यावरच ती फॉरमॅट करावीत, आणि ज्या कॅमेऱ्यात वापरायची त्याच कॅमेऱ्यात. एसडी कार्डाच्या कडेचे कुलूप पाहावे: ती फक्त प्लास्टिकची सरकपट्टी असते आणि तिची जागा स्लॉट ओळखतो, त्यामुळे ती ढिली असेल तर आत घालताना सरकते आणि ऐन वेळी 'कार्ड लॉक आहे' असा संदेश येतो. संपर्कपट्ट्यांमधल्या प्लास्टिकच्या बारीक कडा तुटलेल्या कार्डाला सरळ निवृत्त करावे.

कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंगचा पर्याय निवडावा. माझ्या कॅमेऱ्यालाही दोन होते, आणि मी 'एक भरले की दुसरे' असा पर्याय ठेवला होता. दुसरे कार्ड दोन तास रिकामे बसून होते. एकाच वेळी लिहिताना वेग सावकाश कार्डाचा धरावा लागतो, म्हणून जोडी एकाच वर्गाची असावी. दोन्ही कार्डे एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतली असतील तर दोन्ही भरून पाहावीत, एकच नव्हे.

शूटच्या दिवशी भरलेले कार्ड पेटीत उलटे ठेवावे, रिकामे सुलटे, आणि हा नियम सगळ्यांना माहीत असावा. कार्डाचा दिवा विझल्याशिवाय झाकण उघडू नये. रेकॉर्डिंग थांबवल्यावर फाइलची सूची लिहिली जात असते आणि ती अर्धी राहिली तर अख्खी फाइल उघडत नाही. मध्यंतरात शेवटची फाइल कॅमेऱ्यावरच चालवून पाहावी. शक्य असेल तर पहिले भरलेले कार्ड तिथेच उतरवून घ्यावे.

घरी आल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर प्रती, चेकसमने (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला आकडा मूळ आणि प्रतीत जुळवून) पडताळणी, मग कार्डाला हात. नुसते ओढून टाकलेले फोल्डर म्हणजे पडताळणी नव्हे. फाइली उघडत नसतील तर त्या कार्डावर काहीही न लिहिता ते बाजूला ठेवावे. फुटेज परत आणणारे प्रोग्राम असतात, पण लिहिलेच गेले नव्हते ते कोणी आणू शकत नाही.

ऐन वेळी मित्राकडून मागून आणलेले कार्डही नवेच समजावे, आणि शूटपूर्वी एक रात्र हातात असेल तर ते भरायला लावून झोपावे.