गोखले पूल बंद होता तेव्हाची मोजणी

ट्रॅफिक सर्वेक्षणाच्या कामात नवीन आलेल्या कुणी मोजणी कशी करायची विचारलं, तर मी सॉफ्टवेअर बाजूला ठेवून आधी अंधेरीचं सांगते. ३ जुलै २०१८ला गोखले पुलाचा, म्हणजे रेल्वेवरून अंधेरी पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या पुलाचा, फुटपाथ रुळांवर कोसळला. ७ नोव्हेंबर २०२२ला अख्खा पूलच बंद झाला. पूर्व-पश्चिम जायला उरलं काय? अंधेरी सबवे, पार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल, सांताक्रूझचा मिलन पूल, नाहीतर वर जोगेश्वरीचा बाळासाहेब ठाकरे पूल.

तेव्हा मी नवखी. हातात टॅली, म्हणजे बटण दाबून मोजायचं यंत्र, मांडीवर तक्ता. कार, रिक्षा, दुचाकी, बस, दर पंधरा मिनिटांनी. संध्याकाळी सरांनी तक्ता पाहून एवढंच विचारलं, "चालणारे कुठायत?" तो रकानाच नव्हता माझ्याकडे.

आणि वाढले होते ते चालणारेच. कोंडीत अडकलेली रिक्षा लोक अलीकडेच सोडायचे, स्टेशनचा पादचारी पूल चढून पलीकडे उतरायचे आणि दुसरी रिक्षा पकडायचे. एका फेरीचे दोन तुकडे, आणि दोन्हींची टोकं स्टेशनबाहेरच्या चिंचोळ्या रस्त्यावर. गाड्या कितीही नीट मोजा, हे तक्त्यात उतरत नाही.

सिग्नलचा हिशेब करताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. १५ मीटर रुंद रस्त्याला साडेबारा सेकंद. कागदावर ठीकच. पण झेब्र्यावर रिक्षा उभी, तिला वळसा घालून दोन पिशव्या सांभाळत एक आजी निघाल्या. मी घड्याळ लावलं, वीस सेकंद. वळवलेल्या गाड्यांसाठी हिरव्या सिग्नलचा वेळ वाढवायची मागणी आली की पहिली कात्री याच सेकंदांना लागते. ती लागू देऊ नका. आधी कोपऱ्यावरचं पार्किंग हटवायला सांगा, रिक्षांची रांग नाक्यापासून मागे घ्यायला सांगा. वरिष्ठ कुरकुरतात, कारण सिग्नलचं बटण फिरवणं सोपं आणि रिक्षा हलवणं महाकठीण.

पावसाळ्यात तर अंधेरी सबवेत पाणी भरतं नि तोही बंद. म्हणून पर्यायी मार्गांचे नकाशे दोन करा, एक कोरडा, एक ओला. ओल्या नकाशात सबवे नाहीच असं धरून चाला.

२६ फेब्रुवारी २०२४ला पुलाची एक बाजू सुरू झाली. तिला जोडायच्या शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची उंची जुळेना, त्यावर मुंबई किती हसली ते सांगायला नको. आम्ही लगेच टॅली काढल्या, तर सर म्हणाले, थांबा. पहिल्या आठवड्यात मोजू नका. लोक नुसता पूल बघायला येतात.